पायरीवरची राख

धप्प असा आवाज झाला आणि त्यामागून कसलाच आवाज आला नाही. बद्रिया दाराआड उभी होती, हातात रिकामं तांब्याचं भांडं. बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर कुणीतरी पडलं होतं. नवरा नाही, मुलगी नाही, एवढं तिच्या मनानं आधी नक्की करून घेतलं, कारण फालिहची व्हॅन कोपऱ्यावरून वळलेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती आणि तीबा तर त्याच्याही आधी दप्तर उडवत शाळेला पळाली होती. मग, पडलेलं माणूस कोण हे बघायच्या आधी आपण आपली माणसं मोजली, याची तिला लाज वाटली. तेवढ्यात खालून शिव्या सुरू झाल्या आणि घरमालकीण मुनीरा खाला शुद्धीवर आहेत हे साऱ्या गल्लीला कळलं. त्या छपराच्या पन्हाळीला शिव्या देत होत्या, पायऱ्या बांधून कधीच मरून गेलेल्या गवंड्याला देत होत्या, आपल्या नव्या सपातांना देत होत्या. बद्रिया नुसत्या मोज्यांवर धावली. उतरताना तिचाही पाय सटकला, तिनं लोखंडी कठडा घट्ट धरला, आणि तळहाताला गार लोखंडाचा असा चावा बसला की हात सोडवताना थोडी कातडी तिथंच राहिली. पायरीवर पातळ, गुळगुळीत थर होता. त्याला अजून सांडलेल्या पाण्याचाच आकार होता, मध्ये फुगीर आणि कडेनं ओघळ फुटलेला. थोड्या वेळापूर्वी ते पाणीच होतं, आणि तिनंच ते टाकलं होतं.

"हात, हात बघ माझा," मुनीरा खाला म्हणत होत्या. मनगट जिथं सरळ असायला हवं तिथं नव्हतं. "मेली ती पन्हाळ! किती वर्षं सांगतेय मुलाला, दुरुस्त कर, दुरुस्त कर. ठिबकते आणि गोठते." बद्रियानं त्यांना काखेत हात घालून उठवलं, त्यांचा रुमाल सारखा केला, कपड्यांवरचा बर्फ झटकला. बोलली मात्र काही नाही. सहा महिन्यांत तिचं तुर्की भाजीबाजारापुरतं झालं होतं. कांदे, वांगी, अर्धा किलो, महाग. चूक कबूल करायला लागणारं तुर्की तिच्यापाशी नव्हतं. पण हे कारण खोटं आहे हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. ती गप्प राहिली ती भीतीनं, की खरं सांगितलं तर उद्यापासून पाणी टाकता येणार नाही.

जाणाऱ्याच्या पाठीमागे पाणी टाकायचं, ही बसऱ्याची रीत. माणूस उंबऱ्याबाहेर पडला, वळला, दिसेनासा व्हायच्या बेताला आला की घरातल्या बाईनं भांडंभर पाणी वाटेवर ओतायचं, म्हणजे तो सुखरूप परत येतो. पण ते लांबच्या प्रवासाला. हजला निघालेल्याला, सैन्यात निघालेल्याला, बगदादच्या इस्पितळात निघालेल्याला. कोपऱ्यावर बर्फ आणायला निघालेल्या माणसामागे कुणी पाणी टाकत नाही. कशाला टाकेल? बद्रियाचा भाऊ मुहन्नद असाच बर्फ आणायला निघाला होता. आषाढातली म्हणावी अशी ती दुपार नव्हतीच, बसऱ्याला आषाढ माहीत नाही. जुलै होता, वीज गेलेली, छपरावरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नव्हतं, खजुराची झाडंसुद्धा पानं मिटून उभी असावीत असं वाटत होतं. आई म्हणाली, जा रे राजा, बर्फाची लादी आण, पाणी तरी गार होईल. मुहन्नदनं गोणपाटाचा तुकडा खांद्यावर टाकला. लादी खांद्यावरूनच आणायची त्याची सवय, घरी येईतो सदरा ओला होऊन पाठीला चिकटायचा आणि तो त्या ओल्या सदऱ्यानिशी बद्रियाला मिठी मारायला धावायचा, ती किंचाळत पळायची. त्या दिवशी दारातून त्यानं विचारलं, "अर्धी आणू की अख्खी?" बद्रिया म्हणाली, "अख्खी." मग चौकात जे झालं त्याचा आवाज अख्ख्या शहरानं ऐकला. संध्याकाळी आईनं अंगणातल्या भट्टीत दोन्ही हात खुपसले आणि भाकरीच्या भट्टीतली ती राख डोक्यावर, तोंडावर, उरावर ओतून घेतली. बद्रियाला त्या दिवसातलं आणखी बरंच आठवत नाही, पण आईच्या पापण्यांवर बसलेली राख आठवते, आणि आईनं पापण्या मिटल्या की ती झडायची ते आठवतं.

तेव्हापासून बद्रिया सगळ्यांमागे पाणी टाकते. नवरा कामाला निघाला, पाणी. मुलगी शाळेला निघाली, पाणी. फालिह पाव आणायला गेला तरी पाणी. बसऱ्यात नळाचं पाणी खारट आणि गोडं पाणी टँकरचं, तरी टाकताना तिनं कधी हात आखडला नाही. शेजारणी हसायच्या. फालिहनं लग्नानंतर दोन-तीन महिने मुकाट्यानं सोसलं आणि मग तोही चिडवायला लागला. तीबा झाल्यावर तर "उम्म तीबा," म्हणजे तीबाची आई, अशी हाक मारून म्हणायचा, "मी संडासला चाललोय, अर्धं भांडं पुरे." का टाकते ते त्याला माहीत होतं म्हणूनच तो चिडवत असे. मग बसरा सुटलं. तुर्कस्तानात एर्झुरूममध्ये राहा असं सांगण्यात आलं, तसे येऊन राहिले. उन्हाळा संपत आला होता, डोंगर पिवळे होते, हवा अशी हलकी की पहिले आठ दिवस तिघंही उगाचच खूश होती. दगडी पायऱ्यांवर टाकलेलं पाणी सुकायच्या आधी चकाकत राहायचं. मुनीरा खाला खालच्या खिडकीतून बघायच्या आणि मान डोलवायच्या. बद्रियाला वाटायचं, म्हातारीला आपण पायऱ्या धुतो हे आवडतं.

थंडी एकदम आली नाही, टप्प्याटप्प्यानं घरात शिरली. आधी मागची खोली गेली. खिडकीच्या आतल्या बाजूनं काचेवर बर्फ धरला तेव्हा फालिह म्हणाला, ही खोली आता थंडीची. मग दुसरी गेली. आता तिघंही शेगडीच्या खोलीत झोपत, जेवत, भांडत, अभ्यास करत. बसऱ्यात उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर जायचं, इथं सगळं घर शेगडीभोवती आलं, एवढाच फरक, असं फालिह म्हणायचा. गच्चीवर संध्याकाळी पाणी शिंपडून गाद्या घालायच्या, तेव्हा तापलेल्या फरशीचा जो वास यायचा तो बद्रियाला शेगडीवर ओले मोजे वाळत घातले की उगाचच आठवे, वास काही एक नव्हता तरी. बाहेर श्वास घेतला की नाकातले केस ताठ होत. दोरीवरचा फालिहचा सदरा काढताना फळीसारखा हातात आला तेव्हा तीबानं त्याला उभा करून सलाम केला आणि तिघंही पोट धरून हसली. वाळवलेल्या लिंबांचा चहा बद्रियानं जपून आणला होता, तो आठवड्यातून एकदा व्हायचा आणि त्या दिवशी फालिह पेला संपल्यावरही नाकाशी धरून बसायचा. तीबाला थंडी जशी काही लागतच नव्हती. छपराला लोंबणारी बर्फाची टोकदार कांडी मोडून ती चोखत यायची. ती कांडी दिसली की बद्रिया तिच्या हातावर चापट मारून ती उडवायची, कधी कारण न सांगता. "सगळी पोरं खातात!" तीबा ओरडायची. "खाऊ देत," बद्रिया म्हणायची, "माझ्या घरात बर्फ येणार नाही." बाहेर तर जिकडेतिकडे बर्फच होता, आणि ती त्यात पाण्याचं भांडं घेऊन उभी राहायची.

मुनीरा खालांचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. बद्रिया रोज त्यांच्याकडे सूप घेऊन जाई, भांडी घासून देई, आणि त्या "देव तुझं भलं करो" म्हणाल्या की मान खाली घाली. पाणी टाकणं तिनं थांबवलं. सकाळी सवयीनं भांडं भरायची, दाराशी यायची, आणि परत जाऊन मोरीत ओतायची. पहिल्या दिवशी फालिह पायऱ्या उतरला, आणि मागून रोजचा आवाज आला नाही म्हणून फाटकाशी थबकला. वळून बघितलं. वर दारात बायको रिकाम्या हातानं उभी. "काय गं, आज मला सुटी दिलीस?" तो हसून म्हणाला. पण हसू अर्धंच होतं. माणसाला ज्या गोष्टीवरून चिडवायचं तीच गेली की त्याला जरा उघड्यावर पडल्यासारखं होतं. तो खांदे आक्रसून व्हॅनकडे गेला. डोंगरावर बर्फावर घसरायला येणाऱ्या लोकांचं एक हॉटेल होतं, तिथल्या मुदपाकखान्यात तो होता. बसऱ्याच्या बंदरात क्रेनच्या विजेचं काम करणारा माणूस इथं दिवसभर बटाटे सोलायचा, आणि घरी येऊन सांगायचा की गोऱ्या लोकांना बर्फात पडायला आवडतं, वर पैसे देऊन पडतात.

पाण्याच्या जागी राख आली. प्लॅस्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मुनीरा खालांनी तीबाकरवी निरोप दिला, शेगडीची राख फेकू नका, सकाळी पायऱ्यांवर टाकत जा. बद्रियानं ऐकलं आणि ती राख पिशवीत बांधून मागच्या अंगणातल्या बर्फात पुरली. मग खाला स्वतःच बाहेर आल्या. फालिह आणि तीबा पायऱ्या उतरून फाटकाबाहेर गेले न गेले तोच म्हातारी एका हातात बादली घेऊन आली, बादली बाजूला ठेवून मुठीनं राख फेकायला लागली, त्यांच्याच पावलांवर. अजून नवऱ्याची पाठ दिसत होती. बद्रिया खिडकीतून बघत होती. करडी राख पांढऱ्या बर्फावर पसरत गेली आणि तिला पापण्या दिसल्या, आईच्या. खाला आत गेल्याबरोबर ती झाडू घेऊन धावली आणि तिनं राख झाडून काढली, अगदी फटींतूनसुद्धा, बोटं बधिर होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा राख, पुन्हा झाडू. "आमच्या पायऱ्यांवरची राख जाते कुठं?" खालांनी एकदा तीबाला विचारलं, आणि तीबा म्हणाली, "वारा असेल." हे तीबानं घरी येऊन सांगितलं, आईकडे रोखून बघत. बद्रिया कांदा चिरत राहिली.

एका गुरुवारी सकाळपासून आभाळ खाली आलं होतं. फालिह निघाला तेव्हा बद्रियाला मळमळत होतं म्हणून ती झोपून राहिली, झाडू घेऊन उठलीच नाही. पाणी नाही, आणि राख तशीच. दुपारनंतर समोरचं घर दिसेनासं झालं. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता. तीबाची शाळा लवकर सुटली, ती भुवया पांढऱ्या करून आली. बद्रियानं फालिहला फोन लावला, लागला नाही. हॉटेलात लावला तर तिथला माणूस म्हणाला, व्हॅन केव्हाच निघाली. किती वाजता, हे विचारायचे शब्द तिला सुचेनात, तीबानं फोन घेतला आणि विचारलं. "रस्ता बंद झालाय म्हणे," तिनं सांगितलं. "येतील म्हणाला." बद्रिया शेगडीत कोळसा घालायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. शेगडीच्या तोंडाशी राख साचली होती. ती कुणाच्या मरणाची नव्हती, कालच्या आणि आजच्या उबेची होती, हे कळत होतं; पण कळणं डोक्यातच राहिलं. आपण पाणी टाकलं नाही. आपण राख झाडली नाही. एका म्हातारीसमोर खरं बोलायची लाज वाटली म्हणून नवऱ्याला असंच कोरडं जाऊ दिलं. तिनं शाल ओढली, तीबाचा हात धरला आणि खाली मुनीरा खालांचं दार ठोठावलं.

खाला गालात खडीसाखरेचा खडा धरून काळा चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी दोघींना शेगडीजवळ ओढलं, विचारलं काहीच नाही, आणखी दोन पेले भरले. "सांग त्यांना," बद्रिया तीबाला म्हणाली, "त्या दिवशी पाणी मी टाकलं होतं. पन्हाळीचं नव्हतं."

"ते त्यांना ठाऊक आहे, आई."

"कुणी सांगितलं?"

"मीच. अशी डोळे वटारून बघू नकोस माझ्याकडे. मागेच सांगितलं, शाळा सुरू झाली तेव्हा. त्यांनी विचारलं, तुझी आई रोज पाणी का टाकते, मी म्हटलं, आम्ही परत यावं म्हणून."

खालांनी काय चाललंय ते ओळखलं. त्या साखरेचा खडा दुसऱ्या गालात सरकवून हसल्या. "अगं मुली, पाणी आम्हीही टाकतो. माझा थोरला जर्मनीला निघाला तेव्हा मी अख्खी घागर ओतली होती. आता दर उन्हाळ्यात येतो आणि महिनाभर बसून खातो, सुनेसकट. घागर जरा जास्तच झाली."

तीबानं हे सगळं हसत हसत अरबीत आणलं. बद्रिया हसली नाही. "मग शिव्या पन्हाळीला का दिल्या?"

"गल्लीसमोर कुणाला तरी द्यायच्याच होत्या ना! वर राहणाऱ्या बाईला देऊन चालेल? तिचं तोंड रोज बघायचं असतं. पन्हाळ बिचारी उलटून बोलत नाही."

मग बद्रियाला थांबवेना. तिनं सांगितलं ते अरबीत, शेगडीकडे बघत, आणि तीबानं वाक्यामागून वाक्य तुर्कीत केलं. मामा वारला हे तीबाला माहीत होतं, भिंतीवर त्याचा फोटो होता. तो बर्फ आणायला गेला होता हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "तो म्हणाला, अर्धी आणू की अख्खी," बद्रिया म्हणाली, आणि तीबानं तेही सांगितलं. "मी म्हटलं, अख्खी." इथं तीबाला तुर्की सापडेना. शब्द सोपा होता, रोज पावाच्या दुकानात वापरायची. ती आईकडे बघत राहिली आणि तिची हनुवटी हलायला लागली. मग तिनं खालांना काहीतरी सांगितलं, भरभर, आणि आईच्या मांडीत तोंड खुपसलं. "म्हणून तू माझ्या हातातली कांडी फेकायचीस," ती आतून म्हणाली. बद्रिया तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "होय गं माझ्या बाळा. होय." राखेचं मात्र तिनं स्वतःच सांगितलं, बाजारातल्या तुर्कीत, हातांनी दाखवून: माझी आई, भट्टी, राख, डोकं. आणि तुम्ही माझ्या नवऱ्यामागे राख टाकता.

प्लॅस्टरमधल्या हाताची बोटं मुनीरा खालांनी दुसऱ्या हातानं चोळली. "देव मुलाला स्वर्गात ठेवो," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या आईला धीर देवो." मग आवाज चढवून म्हणाल्या, "पण मी राख जाणाऱ्यासाठी टाकते असं तुला सांगितलं कुणी? जाणारा तर गेला! सकाळी पाय ताजे असतात, उड्या मारत जातो. संध्याकाळी येतो तेव्हा पाय बधिर, हातात पिशव्या, डोळ्यांसमोर फक्त जेवण. तेव्हा घसरतो माणूस. मी राख त्याच्या परत येण्यावर टाकते. आणि ही बया रोज झाडून काढते! वारा म्हणे!" तीबानं मांडीतूनच सांगितलं, डोळे पुसत, शेवटच्या वाक्यासकट. "उठ," खाला म्हणाल्या. "सकाळची सगळी राख बर्फाखाली गेली असेल. नवरा आला म्हणजे काय माझ्यासारखा हात मोडून घेऊ देतेस त्याला?"

आला म्हणजे, असं म्हणाल्या त्या. बद्रिया उठली. वर जाऊन तिनं शेगडीखालचा पत्रा ओढला, राख बादलीत ओतली. अजून कोमट होती. तीबानं फावड्यानं पायऱ्यांवरचा बर्फ लोटला, आणि बद्रियानं बादलीत हात घातला. मुहन्नद गेला त्या दिवसानंतर तिनं राखेला हात लावलाच नव्हता. चिमटा, पत्रा, फावडी, नेहमी मध्ये काहीतरी असायचंच. राख मऊ होती. बोटांच्या फटींतून गळत होती. तिनं पहिली मूठ सगळ्यात वरच्या पायरीवर टाकली, कातडी सोललेल्या जागी तळहात चुरचुरला, आणि मग ती एकेक पायरी खाली उतरत गेली, मागे मागे सरकत, फरशी पुसताना सरकतात तशी, फाटकापर्यंत. आडवा बर्फ थांबत आला होता. दिवे लागले होते. तीबाला तिनं आत पाठवलं आणि स्वतः फाटकाशी उभी राहिली, भिजलेल्या शालीत, पाय बदलत. गल्लीच्या तोंडाशी कुणीही दिसलं की ती एक पाऊल पुढे टाकायची आणि ते माणूस दुसऱ्याच दारात शिरायचं.

फालिह आला तो चालत. मोठ्या रस्त्यावर व्हॅन अडकली होती, डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यांना एका दुकानात बसवलं होतं, फोनची बॅटरी थंडीनं मेली होती. हे सगळं तो फाटकात पोचायच्या आधीच ओरडून सांगत होता. मिशी पांढरी, पापण्या पांढऱ्या. त्या पापण्या बघून ती क्षणभर हादरली. मग त्यानं डोळे मिचकावले आणि थेंब गळला. बर्फ होता, पाणी होतं. "उम्म तीबा, इथं का उभी? गोठायचंय?" त्यानं कोपरानंच तिला ढोसलं. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, हॉटेलातले उरलेले पाव. ती त्याच्या पायांकडे बघत होती. जड बूट, बर्फानं मढलेला. बूट पहिल्या पायरीवर पडला, राखेत करकरला, आणि घट्ट बसला. मग दुसरा. "हे काय, राख?" तो म्हणाला. "चला, पाण्यापेक्षा बरं. सकाळी टाचा भिजत नाहीत." आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं पिशव्या एका हातात घेतल्या आणि मोकळ्या हातानं तो तिच्या गालावरचा राखेचा डाग पुसायला गेला, तर तो आणखीच पसरला. वरून तीबा ओरडली, "बाबा आले! खाला, बाबा आले!" आणि खालच्या खिडकीत प्लॅस्टरचा हात हलला.

"तू हो पुढं," बद्रिया म्हणाली. "आलेच मी." उद्या सकाळी ती पाणी टाकणार होती, भांडंभर, आणि मागोमाग राख, हे तिनं ठरवलं नव्हतं, ते तसं होऊन गेलं होतं. बादलीत तळाशी थोडी राख उरली होती. ती फाटकाबाहेर आली. गल्ली आता अगदी शांत होती आणि बर्फावर दिव्यांचा पिवळा उजेड पडला होता. खांद्यावर बर्फाची लादी घेऊन येणारा माणूस कडेकडेनं चालतो, भिंतीला हात लावून, कारण त्याचं वजन एका अंगाला झुकलेलं असतं, आणि लादी सारखी ठिबकत असते, म्हणून त्याच्या पायाखाली नेहमीच ओलं असतं. बद्रियानं उरलेली राख मुठीत घेतली आणि भिंतीच्या कडेनं, तो जिथं जिथं पाऊल ठेवील तिथं, नीट पसरली.